पब, गुत्ता आणि जबाबदारी

इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे उन्हाळ्यात जाणारी मराठी मंडळी लंडनचा मनोरा पाहतात, ऑक्सफर्डची महाविद्यालये पाहतात, शेक्सपिअरच्या जन्मघरासमोर छायाचित्र काढून घेतात, आणि मग एखाद्या रविवारी मोटारीने ग्रामीण प्रदेशात शिरून दगडी घरे, ओल्या हिरव्या टेकड्या व शेवाळलेली चर्चे यांची तोंड भरून स्तुती करतात. परंतु त्याच गावाच्या मध्यभागी, बहुधा चर्चपासून हाकेच्या अंतरावर, जी एक ठेंगणी, काळ्या तुळयांची, दारावर रंगीत पाटी टांगलेली इमारत असते, तिच्यापाशी येताच त्यांची पावले मंदावतात. 'हा दारूचा अड्डा' एवढ्यावर तिचा निकाल लागतो, आणि बरोबर आणलेल्या दशम्या मोटारीत बसून खाऊन मंडळी पुढच्या प्रेक्षणीय स्थळाकडे रवाना होतात.

या निकालाची थट्टा करण्याचा माझा इरादा नाही. महाराष्ट्रातील सामान्य माणसाने, आणि त्याहूनही अधिक सामान्य स्त्रीने, दारूची जी जागा आयुष्यभर पाहिली ती गुत्त्याची: वस्तीच्या कडेला, मळकट पडद्याआड, जेथे मनुष्य तोंड लपवून शिरतो, उभ्याउभ्या घशात ओततो आणि दिवसाची मजुरी तेथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी परततो. अशा अनुभवातून आलेला तिटकारा समजण्यासारखा आहे, आणि ज्या घरांनी तो अनुभव भोगला त्यांना शहाणपण शिकविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. तथापि एक प्रश्न विचारावाच लागतो. एकाच साम्राज्याच्या अमलाखाली, एकाच शतकात, एकाच सिंहासनाच्या नावाने निघालेल्या परवान्यांतून इंग्लंडच्या खेड्यात पब आणि मुंबई इलाख्याच्या खेड्यात गुत्ता, अशा दोन परस्परविरुद्ध संस्था का उभ्या राहाव्यात? माझ्या मते या भेदाचे मूळ पेयात सापडत नाही, हवामानात सापडत नाही आणि दोन समाजांच्या शीलातही सापडत नाही. परवाना देणाऱ्याने तो कशासाठी दिला, आणि त्या जागेबद्दल जाब देणारा कोण, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ते सापडते.

आधी पब ही काय वस्तू आहे ते पाहू. बर्कशर परगण्यातील खडूच्या टेकड्यांवर अल्डवर्थ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील चर्चमध्ये चौदाव्या शतकातील एका सरदार घराण्याचे नऊ भव्य पाषाणपुतळे आहेत, आणि गावातील 'बेल इन' हा पब सुमारे अडीच शतके एकाच कुटुंबाच्या हाती आहे. येथे आधुनिक मद्यगृहातला लांबलचक, आरशांनी झगमगणारा बार नाही. काचेची तावदाने लावलेल्या एका लहान झरोक्यातून पेये बाहेर येतात. खाण्याची यादीही आखूडच: सूप आणि आत काहीतरी भरलेले गरम, खुसखुशीत कवचाचे पाव. अस्सल एलच्या पुनरुज्जीवनासाठी झटणारी 'कॅमरा' ही संघटना दरवर्षी देशातील सर्वोत्कृष्ट पब निवडते, आणि तिने १९९० साली व पुन्हा २०१९ साली हा मान दिला तो या पाव आणि सूप वाढणाऱ्या, झरोक्याच्या पबला. सोयीसुविधांच्या तराजूत तोलले तर या निवडीचा उलगडा होणार नाही. परंतु जेथे शेतकरी, पदयात्री, पेन्शनर, चर्चमधून आलेली आजी आणि तिचा कुत्रा एकाच शेगडीच्या उबेला बसतात, आणि जेथे कोणालाही ऊठ म्हणावयाची पाळी क्वचितच येते, तेथे काय जपले गेले आहे याची परीक्षा संगमरवराने होत नसते.

आता एल नावाच्या त्या बिअरविषयी, कारण आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी थंड, फसफसणारी, पिवळी बाटली असाच समज आहे. खेड्यातल्या पबमधील एल मोड आणून भाजलेल्या बार्लीपासून करतात, तिला कडवटपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांमुळे, आणि तिचे वैशिष्ट्य असे की मद्यशाळेतून निघाल्यावरही तिची घडण पुरी झालेली नसते. पिंपातील जिवंत यीस्टमुळे तळघरात तिचा दुसरा आंब चालू राहतो; तेथे पिंप आडवे ठेवून त्यात कोंडलेला वायू मऊ लाकडी खुंटीवाटे हलके हलके सुटू द्यावयाचा, गाळ खाली बसेपर्यंत वाट पाहावयाची, आणि मग अकरा ते तेरा अंश उष्णतामानावर, बाहेरचा कसलाही वायू न भरता, हातपंपाने ती वर ओढावयाची असा शिरस्ता आहे. हातपंपाने बिअर ओढण्याच्या एका यंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने १७९७ साली घेतले होते, आणि आजही बारवर रांगेने उभ्या असलेल्या त्या उंच लाकडी मुठी त्याच तत्त्वावर चालतात. सर्वसाधारण पिंप नऊ गॅलनचे, म्हणजे बहात्तर पाइंटांचे असते, आणि एकदा उघडल्यावर दोनतीन दिवसांत संपले नाही तर आतली एल आंबट होऊन वाया जाते. म्हणजे ज्या गावात रोज पुरेशी माणसे पबमध्ये येत नाहीत त्या गावात चांगली एल मिळणे व्यवहारतःच अशक्य होय. हे पेय एकट्याने साठवून ठेवण्याजोगे नाही; त्याची चव शेजाऱ्यांच्या हजेरीवर अवलंबून असते, आणि तळघर सांभाळणाऱ्याचा आळस पहिल्याच घोटात उघडा पडतो.

नव्याने जाणाऱ्यास काही दस्तूर ठाऊक असावेत. टेबलाशी बसून वेटरची वाट पाहिली तर संध्याकाळ तशीच सरेल. बारपाशी जाऊन आपणच मागावयाचे आणि पैसे तेथेच द्यावयाचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते: आपल्या आधी कोण आले हे प्रत्येकाने मनात ठेवावयाचे असते, आणि बारमागील मनुष्याने चुकून आपल्याला आधी विचारले तर 'यांचा नंबर आधी' असे सांगणे ही तेथील सभ्यतेची पहिली परीक्षा. चारजण बरोबर गेले तर प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी मागवावयाचे, आणि आपली पाळी चुकविणाऱ्याची अपकीर्ती गावभर होते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पण अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही, आणि लिंबाचे सरबत किंवा चहा मागणाऱ्याकडेही कोणी वळून पाहात नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. एल नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला आयझिंग्लास नावाचा पदार्थ परंपरेने वापरतात, म्हणून ज्यांचा नेम कडक आहे त्यांनी तो न वापरता केलेली एल आहे काय असे विचारावे. या प्रश्नाचे तिकडे कोणाला नवल वाटत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र 'परंपरा' हा शब्द जपून वापरलेला बरा. रविवारी दुपारी भाजलेले गोमांस किंवा कोकरू, त्याबरोबर फुगलेले यॉर्कशर पुडिंग, भाजलेले बटाटे आणि दाट रस्सा हा खाना खरोखरच जुना आहे. परंतु पाव, चेडर चीज, कांदा आणि लोणचे यांचे जे ताट 'प्लाउमन्स लंच', म्हणजे नांगऱ्याचे जेवण, या नावाने जवळजवळ प्रत्येक पबच्या यादीत असते, त्या नावाचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चीज खपविण्यासाठी काढलेल्या जाहिरात मोहिमांनी केला. शेतकरी पाव आणि चीज पूर्वीपासून खात होता हे खरे. त्याला पुराणपुरुषाचा दिमाख मिळाला तो नंतर. आणि त्या ताटातले ते गोडसर, आंबट, तपकिरी लोणचे पाहिले तर त्याची वंशावळ शोधत जाणारा शेवटी हिंदुस्थानी चटणीपाशी येऊन पोहोचतो. या ताटाबद्दल मला अनादर नाही. उलट खेड्यातल्या पबचे गुपित त्याने उघड केले आहे, असेच मी म्हणेन. तेथे जे अनादी वाटते ते प्रत्येक पिढीने गरजेनुसार घडविलेले, दुरुस्त केलेले, आणि प्रसंगी बिघडविलेले आहे. पबला घडविणारी साधने दोन: कायदा आणि गावकरी.

कायद्याची कथा १५५२ पासून सांगावी लागते. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने असे ठरविले की एलचे घर चालविणाऱ्याने दोघा स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा आणि आपल्या घरात सुव्यवस्था राहील, जुगार व दंगाधोपा होणार नाही, यासाठी जामीनदारांसह मुचलका लिहून द्यावा. या तरतुदीतील मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. परवाना देणारा अधिकारी दूरच्या राजधानीतील खजिनदार नव्हता. तो त्याच टापूतील जमीनदार होता, आणि एलघरात मारामारी झाली तर तिची कटकट त्याच्याच दारी येणार होती. त्याच्यापुढे प्रश्न होता तो या माणसाच्या हाती हे घर सोपविले तर गाव शांत राहील काय, हा. परवाना घराला होता तितकाच माणसालाही होता. कित्येक जुन्या पबच्या दारावर परवानाधारकाचे नाव बारीक अक्षरांत रंगविलेले दिसते, ते लिहिणे एके काळी कायद्याने बंधनकारक होते म्हणून. झिंगलेल्या माणसाला दारू विकणे हा आजही तेथे गुन्हा आहे, आणि पबवाला जेव्हा एखाद्या गिऱ्हाइकाला 'आज पुरे, घरी जा' असे सांगतो, तेव्हा त्याच्या सौजन्यामागे चार शतकांचा हा मुचलका उभा असतो.

आता दृष्टी मुंबई इलाख्याकडे वळवू. येथे ताडी, माडी आणि मोहाची दारू लोक पूर्वीपासून पीत होते, आणि ती काही निष्पाप सुवर्णयुगाची खूण होती असे मी म्हणणार नाही. पण इंग्रजी अमलात हा सारा व्यवहार अबकारी खात्याच्या दफ्तरात एका शीर्षकाखाली गेला, आणि ते शीर्षक होते महसूल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम हळूहळू मोजक्या भट्ट्यांत एकवटले, विक्रीचे मक्ते दिले गेले, आणि सरकारला अमुक इतके उत्पन्न खात्रीने देण्याची हमी मक्तेदाराने घ्यावयाची अशी पद्धत रूढ झाली. ताडाच्या झाडांवरील कर वाढला, तेव्हा कोकणातल्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा अडचणीत आला. आणि १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले, जी फुले आदिवासींच्या अन्नाचाही भाग होती. ज्याने सरकारला ठरावीक रक्कम कबूल केली आहे तो मक्तेदार गिऱ्हाइकाला 'आज पुरे' असे कशासाठी सांगेल? त्याचा जाब गावाकडे नव्हता, तिजोरीकडे होता. गुत्त्याचा अंधार, घाई आणि निर्लज्जपणा हे सारे त्या एका करारातून क्रमाने निघते.

हे आरोप केवळ राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी केले असे नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि १९०८ साली पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले तेव्हा लोकमान्य टिळकांचे पाठबळ त्यामागे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण १८८९ साली खुद्द विलायतेच्या हाउस ऑफ कॉमन्सने हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर ठपका ठेवणारा ठराव मंजूर केला, ही गोष्ट मात्र आपण विसरलो आहोत. म्हणजे आपल्या गावच्या पबसाठी जो न्याय इंग्रजाला स्वाभाविक वाटत होता, तो ठाण्याच्या पाड्याला मिळत नाही, याची कबुली त्याच्या पार्लमेंटने दिली होती. कबुलीनंतरही तिजोरीची भूक मात्र कमी झाली नाही.

येथे एखादा चोखंदळ वाचक म्हणेल की इंग्लंडचे हे चित्र फार गोंडस झाले. आक्षेप रास्त आहे, आणि मी स्वतःच त्याला आणखी पुरावा देतो. १८३० साली पार्लमेंटने, जिनपासून लोकांना परावृत्त करावे आणि परवान्यांवरील मद्यशाळावाल्यांची पकड ढिली करावी या हेतूने, दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली. दंडाधिकाऱ्याची संमती नको, जामीन नावापुरता. पहिल्या सहा महिन्यांतच चोवीस हजारांवर नवी बिअरघरे निघाली आणि इंग्लंडच्या खेड्यांना आपल्या गुत्त्याची ओळख झाली. शेवटी १८६९ साली हा अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे द्यावा लागला. माझ्या सिद्धान्ताला याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. लोक तेच, पेय तेच, केवळ जबाबदारीचा दुवा तुटला, आणि संस्थेचे रूप बदलले.

उलट दिशेचा प्रयोगही त्याच देशाने करून पाहिला, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. पहिल्या महायुद्धात ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना निघाला, हजारो कामगार जवळच्या कार्लाइल शहरात पिऊन धिंगाणा घालू लागले, तेव्हा १९१६ साली सरकारने त्या टापूतील मद्यशाळा आणि पब सरळ खरेदी केले. तेथे व्यवस्थापक पगारी नेमले, दारूच्या खपावर त्यांना कवडीचाही लाभ ठेवला नाही, आणि चांगले जेवण, बसण्यास उजेडाची जागा व बिनमद्याची पेये यांवर भर दिला. युद्ध संपल्यावरही ही सरकारी व्यवस्था १९७३ पर्यंत चालू होती. सरकारने पब चालवावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु विकणाऱ्याचा नफा पिणाऱ्याच्या नशेपासून अलग करता येतो, हे निदान एका शहराने अर्धशतकाहून अधिक काळ दाखविले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकट आले ते मोठ्या भांडवलाच्या रूपाने. सहा बड्या मद्यशाळांनी हजारो पब ताब्यात घेतले, जिवंत एलच्या जागी वायू भरलेली, सगळीकडे सारखीच लागणारी बिअर आणली, आणि याविरुद्ध चौघा मित्रांनी १९७१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एका बारमध्ये बसून ती 'कॅमरा' नावाची चळवळ सुरू केली. सरकारने १९८९ साली बड्या मद्यशाळांना आपल्या पबवरील बंधने सैल करावयास लावली. हेतू चांगला होता, परंतु त्या पबचे गठ्ठेच्या गठ्ठे अशा कंपन्यांच्या हाती गेले की ज्यांना मद्य गाळण्याशी काही कर्तव्य नव्हते, केवळ भाड्याशी आणि कर्जाच्या हिशेबाशी होते. भाडेकरू पबवाल्याने बिअर मालक कंपनीकडूनच, तिच्याच दराने घ्यावयाची ही जुनी अट तशीच राहिली. मक्तेदार पुन्हा आला, या वेळी इंग्लंडच्याच खेड्यात आणि समभागांच्या रूपाने. २०१६ च्या नियमावलीने भाडेकरूंना काही संरक्षण मिळाले खरे, पण या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जे सुमारे साठ हजार पब होते त्यांतील आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटातील स्वस्त दारू, वाढते कर, २००७ ची धूम्रपानबंदी आणि घरबसल्या करमणूक ही कारणेही त्यात आहेतच. आणि यातील पहिले कारण मला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण घरच्या सोफ्यावर एकट्याने रिचविलेल्या स्वस्त बाटल्यांना 'आज पुरे' म्हणणारा कोणीच नसतो.

पबच्या स्तुतिपाठकांनी आणखी एका गोष्टीपुढे मान खाली घातली पाहिजे. सार्वजनिक गृह म्हणविणारी ही जागा सर्वांना खुली नव्हती. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमधील ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना तेथील कित्येक पबच्या चांगल्या खोलीत प्रवेश नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनने या रंगभेदाविरुद्ध लढा दिला, अमेरिकेतील माल्कम एक्स हा नेता १९६५ च्या फेब्रुवारीत मुद्दाम ते शहर पाहण्यास आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने सार्वजनिक जागी वंशावरून मज्जाव करणे बेकायदा ठरले. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे त्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आज त्याच टापूत पंजाबी मालकांचे पब आहेत, तेथे गोरे वृद्ध कामगार आणि शीख आजोबा शेजारी बसून एल पितात व तंदूरमधील मांसाचे ताट वाटून खातात. नांगऱ्याच्या जेवणाप्रमाणे हेही ताट काही वर्षांनी 'पुरातन इंग्लिश परंपरा' म्हणून मिरवले जाईल, आणि त्यात काही वावगे होणार नाही.

राहता राहिले गावकरी. इंग्लंडच्या उत्तरेस, सरोवरांच्या प्रदेशाच्या कडेला हेस्केट न्यूमार्केट नावाचे खेडे आहे. तेथील लहान मद्यशाळा १९९९ साली आणि 'ओल्ड क्राउन' हा पब २००३ साली सहकारी तत्त्वावर विकत घेण्यात आला. सहकारी मालकीचा हा देशातील पहिला पब मानला जातो. पुढे अनेक गावांनी हा मार्ग धरला, आणि २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना असा हक्क दिला की पबची नोंद लोकोपयोगी मालमत्ता म्हणून करावी, म्हणजे मालक तो विकू लागल्यास गावाला पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. २०१७ पासून पब पाडण्यासाठी किंवा त्याचे घरांत रूपांतर करण्यासाठी नियोजन खात्याची परवानगी लागते. स्टॅफर्डशरमधील 'क्रुकेड हाउस' हा कलंडलेल्या भिंतींचा प्रसिद्ध पब २०२३ च्या ऑगस्टमध्ये जळाला आणि दोनच दिवसांत जमीनदोस्त झाला, तेव्हा स्थानिक परिषदेने पुढल्या वर्षी तो होता तसा पुन्हा बांधण्याचा हुकूम काढला. जागा खाजगी असली तरी तिच्यावर गावाचा दावा आहे, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे फार थोड्या दुकानांच्या बाबतीत मान्य झाले असेल.

बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेलने १९४६ साली एका सायंदैनिकात आपल्या कल्पनेतील आदर्श पबचे वर्णन लिहिले, आणि त्यात बागेचे, मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांचे व माणसे ओळखणाऱ्या सेविकांचे महत्त्व दारूहून कमी मानले नाही. कुटुंबे आली की ती जागा निव्वळ पिण्याची राहात नाही, हा त्याचा मुद्दा आजही खरा आहे. म्हणून इंग्लंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना माझा आग्रह असा की त्यांनी गावच्या पबचे दार ढकलून आत जावे, हवे तर लिंबाचे सरबत घ्यावे, चीज-पाव खावा, आणि ही जागा कोण सांभाळते ते पाहावे.

कोणी यावरून महाराष्ट्रात गावोगाव पब काढण्याची शिफारस माझ्या पदरी बांधू नये. ज्या राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, पुढे तो शिथिल केला, आणि जे आज पिणाऱ्याकडून कागदोपत्री परवान्याची अपेक्षा ठेवीत असतानाच उत्पादन शुल्काच्या आकड्यांवर अर्थसंकल्पाची तोंडमिळवणी करते, त्याने ब्रिटिश अबकारी खात्याचा वारसा मोडला असे म्हणवत नाही. स्त्रियांच्या दीर्घ लढ्याने एक मोठा हक्क मात्र मिळविला: गावातील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी मतपत्रिकेवर आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. हा हक्क मौल्यवान आहे आणि तो कोणी पातळ करू नये. परंतु त्यात गावाला दिलेला अधिकार केवळ बंद करण्याचा आहे. जेथे दुकान चालूच राहणार आहे तेथे ते कोणी चालवावे, किती वाजेपर्यंत चालवावे, तेथे बसण्यास उजेड व खाण्यास अन्न असावे की नाही, झिंगलेल्याला विकणाऱ्याचा परवाना कोणाच्या तक्रारीवरून जावा, याविषयी गावाला कोणी विचारीत नाही. तो निर्णय जिल्ह्याच्या कचेरीत शुल्काच्या पावतीवर होतो. बाटली आडवी करणाऱ्या हातांनाच उभ्या बाटलीच्या अटी ठरविण्याचाही अधिकार कायद्याने द्यावा, आणि परवानाधारकाने सरकारकडे शुल्क भरण्यापूर्वी ग्रामसभेपुढे उभे राहून मुचलका लिहून द्यावा. तिजोरीला त्यामुळे काही कमी पडले तर पडू द्यावे. गुत्त्याच्या उत्पन्नातून जे भरून निघाले असे आपण मानतो त्याची किंमत या राज्यातल्या बायकांनी आजवर भरपूर मोजली आहे.